उंदीर आधी थिजतो, मग पळतो

रात्री दोनच्या सुमारास पाणी प्यायला उठलो, दिवा लावला, तर भिंतीच्या कडेला उंदीर. हललाच नाही. एक पाय अर्धवट उचललेला, पाठीला किंचित बाक, शेपटी जमिनीला चिकटलेली, एरवी सतत थरथरणाऱ्या मिश्यासुद्धा गप्प. माझाही हात बटणावरच राहिलेला. दोन-तीन सेकंद आम्ही दोघं तसेच. मग मी अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्यावर टाकला, बस, तेवढंच, आणि तो भिंतीला घासत असा सुटला की कपाटामागे गडप होणारी शेपटी तेवढी दिसली.

त्या दोन-तीन सेकंदांत त्याच्या डोक्यात काय घडलं याचा बराचसा हिशोब आज मांडता येतो, कारण भीतीवरचं प्रयोगशाळेतलं बहुतेक काम उंदरांवरच झालंय. त्या हिशोबातून निघणारी एक गोष्ट मला फार आवडते. मेंदूत ‘भीतीचं केंद्र’ अशी एकच एक जागा सापडत नाही. अमिग्डाला हे नाव तुमच्या कानावर आलं असेल, त्याला सरसकट भीतीचं केंद्र म्हणून टाकायची पद्धत पडली आहे. महत्त्व त्याला आहेच, पण या गोष्टीत पात्रं बरीच आहेत आणि ती सगळी एका सुरात बोलत नाहीत.

थिजणं आणि पळणं एवढंच घ्या. दोन्हींना आपण ‘घाबरला’ म्हणून मोकळे होतो. पण स्नायूंना विचाराल तर ही एकमेकांच्या अगदी उलटी कामं: एकात कुठलाच सांधा हलता कामा नये, दुसऱ्यात सगळेच हलले पाहिजेत. एकच बटण दाबून दोन्ही कशी होणार?

आपल्या भाषेला याचा अंदाज आधीपासून असावा. काळजाचा ठोका चुकतो, तोंडचं पाणी पळतं, अंगावर काटा येतो, हातपाय गळतात, बोबडी वळते. नाहीतर माणूस सरळ धूम ठोकतो. ठोका हृदयाकडे जाणाऱ्या चेतांमुळे चुकतो, काटा केसांच्या मुळाशी असलेल्या बारीक स्नायूंमुळे उभा राहतो, आणि तोंड कोरडं पडतं ते लाळग्रंथींचं काम मंदावल्यामुळे. म्हणजे हुकूम वेगवेगळ्या खात्यांना गेलेले असतात, आपण फक्त सगळ्यांवर शिक्का एकच मारतो.

अजून किती लांब आहे?

अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी 1915 मध्ये ‘लढा किंवा पळा’ ही कल्पना मांडली. संकटात ॲड्रेनॅलिन वाहतं, हृदय जोरात धडधडतं, रक्त पोटाकडून स्नायूंकडे वळतं, शरीर झटापटीसाठी किंवा धावण्यासाठी सज्ज होतं. हे खरंच आहे. पण माझ्या उंदराने पहिल्यांदा केलं ते या दोन्हींत बसत नाही.

रॉबर्ट आणि कॅरोलिन ब्लँचर्ड या जोडप्याने 1960 च्या दशकाच्या शेवटापासून उंदरांसमोर मांजर आणून ते काय करतात हे वर्षानुवर्षं नुसतं नीट पाहिलं. सुटायला वाट असेल तर उंदीर पळतो, वाट नसेल तर थिजतो, मांजर अगदी अंगाशी आलं तर उडी मारून चावतो. यात मनमानी काही नव्हतं. जागेची रचना आणि शिकाऱ्याचं अंतर माहीत असेल तर उंदीर काय करेल हे बरंचसं आधी सांगता यायचं. 1988 मध्ये मायकेल फॅनसेलो आणि लॉरी लेस्टर यांनी याला एक व्यवस्थित चौकट दिली. शिकारी किती जवळ आला आहे यावर बचावाची पद्धत बदलते, असं त्यांचं म्हणणं.

शिकारी दिसलेला नाही, पण इथे असू शकतो, ही पहिली पायरी. इथे प्राणी घाबरलेला दिसतही नाही, फक्त वेळापत्रक बदलतो. उंदीर एका खोलीतच राहतात, तिथेच खातात, आणि अधूनमधून, कधी ते कळू न देता, पायांना विजेचा सौम्य झटका बसतो, असा एक प्रयोग झाला. उंदरांनी खाणं सोडलं नाही. ते कमी वेळा खायला येऊ लागले, पण आले की जास्त खाऊन जाऊ लागले. बाहेर धोका असेल तर खेपा कमी करायच्या, हे कुणालाही पटेल असं गणित.

दुसऱ्या पायरीवर शिकारी दिसतो, पण अजून अंगावर आलेला नसतो. ही थिजण्याची वेळ. शिकाऱ्याची नजर हालचाल फार चटकन टिपते. न हलणारा उंदीर त्याच्यासाठी भिंतीचाच भाग असतो. शिवाय थिजलेल्याला नीट ऐकूही येतं, आपल्याच पावलांचा आवाज मध्ये येत नाही. तिसऱ्या पायरीवर शिकारी आलाच. आता न हलण्यात काही अर्थ उरलेला नाही. उडी, धाव, किंचाळी, चावा, जे जमेल ते.

इथे ‘अंतर’ म्हणजे नुसती फूटपट्टी नव्हे. दहा पावलांवर झोपलेला शिकारी आणि पन्नास पावलांवरून धावत येणारा शिकारी, यातला जास्त जवळचा दुसरा. मोजायचं असतं ते ‘माझ्याकडे किती वेळ उरलाय’ हे. मी दिवा लावून नुसता उभा होतो तोवर उंदरासाठी दुसरी पायरी चालू होती. मी भार बदलला आणि तिसरी सुरू झाली.

माणसातही हेच दिसतं. लंडनमधल्या संशोधकांनी 2007 मध्ये लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून पडद्यावर एक खेळ खेळायला दिला: चक्रव्यूहात एक कृत्रिम शिकारी तुमच्या मागे लागतो आणि पकडलं तर खराखुरा विजेचा झटका बसतो. शिकारी लांब असताना कपाळामागचा, विचार-योजना करणारा भाग जास्त जागा होता. तो जवळ येत गेला तसा कामाचा भार मेंदूच्या खोल, जुन्या देठाकडे सरकला. ऐनवेळी डोकं चालत नाही ही आपली तक्रार. ऐनवेळी ते तसं चालूच नये अशी मेंदूची रचना आहे, एवढंच.

वरून येणारी सावली

धोका आहे ही बातमी आत येते कुठून? प्रत्येक इंद्रियातून, आणि प्रत्येकाची वाट निराळी.

2013 मध्ये मेलिस यिल्माझ आणि मार्कुस माइस्टर यांनी उंदराच्या पेटीवर छताऐवजी पडदा बसवला आणि त्यावर एक काळा ठिपका झपाट्याने मोठा होताना दाखवला. घारीचा झडप घालतानाचा आकार वरून असाच वाढत जातो. ज्यांनी आयुष्यात पक्षी पाहिलेला नाही, असे पिंजऱ्यात जन्मलेले उंदीर क्षणार्धात बिळाकडे पळाले किंवा जागच्या जागी थिजले. शिकवावं लागलं नाही. पुढे दुसऱ्या संशोधकांना आणखी एक मजा दिसली. ठिपका मोठा न होता, लहानसाच, पडद्यावरून आडवा सरकत गेला तर उंदीर पळत नाहीत, थिजतात. लांबवर घिरट्या घालणारा पक्षी आणि अंगावर येणारा पक्षी, दोघांसाठी दोन उत्तरं, आणि दोन्ही जन्मापासून तयार.

ही बातमी डोळ्यांतून मध्यमेंदूच्या छपरावरच्या सुपीरियर कॉलिक्युलस या भागात जाते. तिथून ती खालच्या एका भागाला कळते, ज्याचं नाव जरा अवघड आहे: पेरिअक्विडक्टल ग्रे. मेंदूच्या देठातून द्रव वाहणारी एक अरुंद नळी जाते, तिच्याभोवतीचा करड्या रंगाचा पेशींचा जाड थर म्हणजे हा. संशोधक त्याला पीएजी म्हणतात, आपणही तेच म्हणू.

2018 मध्ये लंडनच्याच एका प्रयोगशाळेने या दोघांमधला जोड तपासला आणि तो मुद्दाम कच्चा ठेवल्यासारखा निघाला. कॉलिक्युलसच्या एकदोन पेशींनी हाका मारल्या तर पीएजीच्या पळवणाऱ्या पेशींना ऐकू जात नाही. बऱ्याच पेशींनी एकदम, लागोपाठ ओरडावं लागतं, तेव्हा कुठे त्या उठतात. आणि उठल्या की मग थांबत नाहीत. असा कच्चा जोड म्हणजे उंबरठा. पानाच्या प्रत्येक सावलीला पळत सुटणारा उंदीर उपाशी मरेल, त्यामुळे ‘पळायचं की नाही’ हा निर्णय त्या उंबरठ्यावर तोलला जातो. संशोधकांनी पीएजीचा हा वरचा, पळवणारा भाग तात्पुरता बंद केला तेव्हा उंदीर धोका पाहून शांत बसले नाहीत, पळण्याऐवजी थिजले. धोका कळणं शाबूत, थिजणंही शाबूत, फक्त पळण्याचा मार्ग बंद.

आणि पळायचं कुठे हेही आधीच ठरलेलं असतं. नव्या जागी सोडलेला उंदीर आडोशात एकदा, अगदी थोडा वेळ जाऊन आला तरी त्याला ती जागा पाठ होते. नंतर सावली पडली की तो आडोसा शोधत नाही, आठवणीतल्या जागेकडे थेट जातो, मधल्या काळात कुणी आडोसा हलवला असला तरी. आडोसाच नाही हे त्याला माहीत असेल, तर तीच सावली पाहून तो थिजतो. माझा उंदीर कपाटाकडे सरळ रेषेत गेला, त्याअर्थी कपाटाशी त्याचा परिचय माझ्यापेक्षा चांगला असणार.

सगळ्यात छोटी वाट मात्र माशांकडे आहे. बहुतेक हाडाच्या माशांच्या मेंदूच्या देठात डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशा दोन अवाढव्य पेशी असतात, माउथनर पेशी. एका बाजूला पाणी दणकलं की त्या बाजूची पेशी एकदाच, फक्त एकदाच, संदेश सोडते. तिची तार ओलांडून पलीकडच्या बाजूला जाते, तिकडचे सगळे स्नायू एकदम आखडतात, मासा इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखा वाकतो आणि धोक्याच्या विरुद्ध दिशेला फेकला जातो. सुरुवात व्हायला सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो. एक पेशी, एक ठिणगी, जीव वाचला.

इतक्या पक्क्या गोष्टीचा फायदा घेणारा कुणीतरी असायचाच. आग्नेय आशियातल्या पाण्यात एक साप असतो, तोंडावर मिशीसारखी दोन शिंगं असलेला. पाण्यात तो ‘जे’ अक्षरासारखा वाकून तासन्‌तास पडून राहतो. मासा त्या वाकात आला की साप डोकं हलवतच नाही, आधी मानेच्या खालचा भाग किंचित झटकतो. माशाला धक्का जाणवतो तो त्या बाजूने. माउथनर पेशी आपलं काम चोख करते आणि मासा विरुद्ध दिशेला, म्हणजे सापाच्या जबड्याकडे, स्वतःहून फेकला जातो. केनेथ कॅटानिया यांनी 2009 मध्ये हे अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपलं. बहुतेक वेळा मासे डोक्याच्याच दिशेला वळत होते, काही तर सरळ तोंडात. विचार करायला न थांबण्याची किंमत अशीही मोजावी लागते.

रज्जुसर्प आणि बदामाएवढा पुंज

आतापर्यंतचं सगळं जन्मजात. पण बहुतेक धोके शिकावे लागतात, आणि इथे अमिग्डाला येतो. कानाच्या आतल्या अंगाला, मेंदूच्या दोन्ही बाजूंना एकेक, बदामाच्या आकाराचा पेशींचा पुंज. नावाचा अर्थही बदामच.

याचा सुगावा शिकागोत लागला. हाइनरिख क्लूव्हर आणि पॉल ब्यूसी यांनी 1937 च्या आसपास माकडांच्या मेंदूचे कानाजवळचे भाग काढले, तेव्हा एरवी माणूस दिसताच दात विचकणारी माकडं मवाळ झाली. साप समोर धरला तरी हात लावून, तोंडात घालून बघू लागली. त्यातला नेमका अमिग्डाला किती जबाबदार हे 1956 मध्ये लॉरेन्स वाइसक्रान्ट्झ यांनी वेगळं काढून दाखवलं.

मग उंदरांवर तो साधा, आता शाळकरी वाटावा असा प्रयोग सुरू झाला: शिट्टी वाजवायची, लगेच पायाला झटका द्यायचा. दोन-चार वेळात उंदीर नुसत्या शिट्टीलाच थिजतो. जोसेफ लेडू यांनी 1980 च्या दशकात या शिट्टीचा मेंदूत पाठलाग केला. आवाजाचा अर्थ लावणारा मेंदूच्या सालीचा, म्हणजे बाहेरच्या थराचा, भाग काढून टाकला तरी उंदीर शिकत होते. त्याच्या आधीचं जंक्शन, थॅलॅमस, तोडलं की शिकणं थांबत होतं. म्हणजे थॅलॅमसपासून सालीला वळसा घालून कुठेतरी आडवाट होती. ती अमिग्डालाकडे जात होती.

संध्याकाळच्या अंधारात दोरीला साप समजून दचकण्याचा आपल्याकडचा जुना दृष्टान्त या दोन वाटांना चपखल बसतो. आडवाटेने अमिग्डालाला ‘लांब, वाकडं, जमिनीवर’ इतकीच ओबडधोबड खबर मिळते, उंदराच्या बाबतीत साधारण 12 मिलिसेकंदांत. सालीतून जाणारी मोठी वाट जास्त वेळ घेते, पण तिच्याकडे तपशील असतो: दोरी आहे, वळ दिसतोय. तोवर पाय मागे आलेला असतो. दोरीला साप समजलात तर फुकट दचकलात. सापाला दोरी समजलात तर पुढचा दृष्टान्त द्यायला उरला नाहीत. अशी तफावत असेल तर घाईने चुकणारी यंत्रणाच टिकणार. (माणसाच्या दृष्टीच्या बाबतीत ही आडवाट नेमकी किती महत्त्वाची यावर मात्र अजून वाद आहेत. लोकप्रिय लेखांत ती जरा जास्तच ठळक रंगवली जाते.)

शिट्टी आणि झटका यांची गाठ पडते ती अमिग्डालाच्या बाजूच्या कप्प्यात. तिथल्या पेशींवर आवाजाची तारही येते आणि वेदनेचीही. दोन्ही एकदम वाजल्या की आवाजाच्या तारेचा जोड पक्का होतो. पुढच्या वेळी ती एकटी पुरते. कधीकधी हा जोड गरजेपेक्षा ऐसपैस पडतो आणि शिट्टीसारखा वाटणारा कुठलाही आवाज चालतो. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात ते यामुळेच.

मधल्या कप्प्यातून हुकूम बाहेर पडतात, आणि त्याची पद्धत मोठी तिरकी आहे. तिथल्या बाहेर जाणाऱ्या पेशी कुणाला ‘चालू हो’ सांगत नाहीत, त्या फक्त ‘गप्प बस’ सांगू शकतात. मग त्यातून थिजणं कसं निघतं? पीएजीच्या खालच्या भागात थिजवणाऱ्या पेशी एरवीही तयारच असतात, पण त्यांच्या दारावर पहारेकरी बसलेले असतात. अमिग्डाला पहारेकऱ्यांना गप्प करतो, आणि दार उघडतं. ही साखळी, पार मज्जारज्जूकडे जाणाऱ्या शेवटच्या तारेपर्यंत, 2016 मध्ये उंदरात एकेक कडी करून दाखवली गेली.

सगळं काही असं शिकताही येत नाही. प्रयोगशाळेत वाढलेल्या माकडांना सापाची भीती नसते. सुझन मिनेका आणि मायकेल कुक यांनी त्यांना रानात वाढलेली माकडं साप पाहून घाबरतानाची चित्रफीत दाखवली. ती पाहूनच माकडं घाबरायला शिकली. मग चित्रफितीत काटछाट करून सापाच्या जागी फुलं घातली. माकड तेच, किंचाळणं तेच. फुलांची भीती कुणाला बसली नाही. म्हणजे पाटी कोरी नसते, काही अक्षरं तिच्यावर पुसट का होईना आधीच काढलेली असतात.

थिजलेला उंदीर आतून काय करत असतो

थिजणं म्हणजे गळून जाणं, असं वाटू शकतं. उलट आहे. थिजलेल्या उंदराचे स्नायू ताणलेले असतात, पाय उडीच्या बेतात असतात. हृदय मात्र मंदावतं. संकटात ठोके वाढतातच असं आपण धरून चालतो, पण थिजण्याच्या वेळी मेंदूकडून येणारी व्हेगस चेता हृदयावर लगाम ठेवते. गवतात लपलेल्या हरणाच्या पाडसाचे ठोकेही असेच एकदम खाली येतात. एक पाय ब्रेकवर, एक ॲक्सिलरेटरवर अशी ती अवस्था. ब्रेक सुटला की गाडी उसळते.

पळण्यासाठी पीएजीचा वरचा भाग, थिजण्यासाठी खालचा-बाजूचा, ही वाटणी सस्तन प्राण्यांत वारंवार दिसली आहे. याच पीएजीकडे आणखी एक काम असतं, वेदना बंद करण्याचं. 1969 मध्ये डेव्हिड रेनॉल्ड्स यांनी उंदरांच्या या भागाला विजेने चेतवत ठेवून, भूल न देता शस्त्रक्रिया केली आणि उंदरांनी काही वाटल्याचं दाखवलं नाही. जखमी प्राण्याने धावता धावता लंगडत बसू नये, जखम नंतर चाटता येईल. आफ्रिकेत हिंडणारे डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांना 1844 मध्ये सिंहाने खांद्याला धरून झटकलं, हाडाचे तुकडे झाले. त्यांनी पुढे लिहून ठेवलं की त्या वेळी शुद्ध पूर्ण होती, पण ना वेदना होती ना भीती, एक स्वप्नासारखी गुंगी होती. मांजराने पहिल्यांदा झटकल्यावर उंदराला वाटत असेल तशी.

हॉर्मोन्स या सगळ्याच्या मागून येतात. ॲड्रेनॅलिन काही सेकंदांत, कॉर्टिसॉल (उंदरांत त्याचा भाऊबंद कॉर्टिकोस्टेरॉन) काही मिनिटांनी. माझा उंदीर कपाटामागे पोहोचला तेव्हा त्याचं कॉर्टिकोस्टेरॉन जेमतेम वाढायला लागलं असेल. ते पळण्यासाठी नसतंच मुळी. पळून झाल्यावर शरीराची जमाखर्चाची वही सांभाळण्यासाठी आणि घडलं ते लक्षात राहण्यासाठी असतं.

मांजर वेगळं, गुंड उंदीर वेगळा

मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस इथे आणखी एक फाटा फोडतो. 2013 मध्ये इटलीत झालेल्या एका अभ्यासात दिसलं की शिकारी प्राण्याची भीती आणि आपल्याच जातीच्या दांडगट उंदराची भीती हायपोथॅलॅमसच्या दोन वेगळ्या भागांतून जाते. एक भाग बंद केला तर उंदीर शिकाऱ्याला कमी घाबरतो, दांडगटाला मात्र पूर्वीइतकाच. दोघांपुढे तो थिजतो, पळतो, बाहेरून सारखंच दिसतं.

ही रचना किती नेमकी आहे हे एका परजीवीनेही दाखवून दिलं. टोक्सोप्लाझ्मा गोंडी या सूक्ष्म जीवाला लैंगिक प्रजननासाठी मांजराच्या आतड्यात पोहोचावं लागतं. त्याची लागण झालेले उंदीर मांजराच्या वासापासून लांब पळत नाहीत, उलट काही तिकडे ओढले जातात. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2000 मध्ये हे मांडलं. परजीवीला कुठे बोट ठेवायचं ते आपल्या आधी कळलं होतं.

माणसातलं उदाहरण याहून चटका लावणारं आहे. एका दुर्मिळ आनुवंशिक आजारात अमिग्डालामध्ये कॅल्शियम साचून तो दोन्ही बाजूंनी निकामी होतो. अशा एका स्त्रीचा अनेक वर्षं अभ्यास झाला. साप हातात दिला तरी तिला काही वाटलं नाही, उलट जिभेला हात लावायचं कुतूहल. भुताटकीचा देखावा उभारलेल्या घरात बाकीचे किंचाळत असताना ती पुढे पुढे. झालं तर मग, अमिग्डाला नाही तर भीती नाही, असं वाटत असतानाच 2013 मध्ये तिला आणि अशाच आणखी दोघींना कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण जास्त असलेल्या हवेचा एक श्वास घ्यायला दिला. तिघींनाही धडकी भरली. जीव घाबरला, एकीने तोंडावरचा मास्क ओढून काढला. बाहेरचा साप अमिग्डालाच्या दारातून आत येतो. आतला गुदमर आपला आपला रस्ता काढतो.

विसरतो म्हणजे काय करतो

शिट्टी वाजवत राहा आणि झटका देऊ नका. उंदीर हळूहळू थिजायचा थांबतो. विसरला, असं आपण म्हणू. पावलोव्हना शंभर वर्षांपूर्वी कुत्र्यांत दिसलं होतं की असं विसरलेलं काही काळाने आपोआप परत येतं. आज कारण माहीत आहे. अमिग्डालातली जुनी गाठ तशीच राहते. कपाळामागच्या भागाच्या मदतीने तिच्यावर दुसरी गाठ मारली जाते: ‘या खोलीत, सध्या, शिट्टी म्हणजे काही नाही.’ खोली बदला, किंवा एकदाच झटका द्या, की वरची गाठ सुटते आणि खालची जशीच्या तशी. भीतीवरचे मानसोपचार, ज्यात माणसाला त्याच्या भीतीच्या वस्तूला थोडं थोडं सामोरं नेतात, याच पायावर उभे आहेत. म्हणून तर चांगले उपचारक तो सराव एकाच खोलीत ठेवत नाहीत.

त्याला वाटलं काय?

हा प्रश्न मी इतका वेळ टाळला. उंदीर थिजला, पळाला, त्याचे ठोके खाली-वर झाले. पण त्याला भीती *वाटली* का?

ज्या लेडूंनी अमिग्डाला घराघरात पोहोचवला, त्यांनीच गेल्या दशकात सांगायला सुरुवात केली की आपण शब्द चुकीचा वापरतोय. उंदरात आपण मोजतो ती बचावाची यंत्रणा. भीती ही जाणीव आहे, ती या यंत्रणेतून आपोआप निघत नाही, माणसात ती सालीच्या भागांत घडते. दुसऱ्या टोकाला याक पँक्सेप होते. त्यांच्या मते पीएजीसारख्या जुन्या भागांतच कच्ची भावना असते, आणि ती उंदरालाही असते. त्यांच्या बाजूने एक पुरावा ठसठशीत आहे: वेदनेवरच्या उपचारासाठी काही रुग्णांच्या पीएजीमध्ये विद्युतकाडी ठेवली गेली, आणि काही ठिकाणी ती चालू करताच रुग्णांनी सांगितलं की भयंकर भीती वाटते आहे. लेडूंच्या बाजूने हे, की उंदरांचं थिजणं कमी करणारी कितीतरी औषधं चिंताग्रस्त माणसाची भीती कमी करण्यात तोकडी पडली. मला विचाराल तर शब्दांबाबत लेडू बरोबर आहेत, उंदराबाबत मी पँक्सेपच्या बाजूला झुकतो. त्या रात्री त्याच्या डोळ्यांकडे बघितल्यावर दुसरं काही म्हणवत नाही, आणि हा पुरावा नव्हे हेही मला कळतं.

वाटो न वाटो, किंमत पडतेच. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बेटांवर लियाना झॅनेट आणि सहकाऱ्यांनी साँग स्पॅरो या छोट्या पक्ष्यांच्या घरट्यांना जाळी आणि विजेचं कुंपण घालून शिकाऱ्यांपासून पूर्ण संरक्षण दिलं. मग काही भागांत ध्वनिवर्धकावरून शिकाऱ्यांचे नुसते आवाज ऐकवले, विणीचा हंगामभर. एकही पिल्लू शिकाऱ्याने खाल्लं नाही. तरी त्या भागातल्या पक्ष्यांची पिल्लं 40 टक्क्यांनी कमी झाली. अंडी कमी घातली गेली, पक्षी घरट्यावरून सारखे उडत राहिले, चारा कमी आणला. 2011 साली हे प्रसिद्ध झालं.

माझा उंदीर त्या भिंतीला परत दिसलेला नाही. लेंड्या मात्र रोज सकाळी सापडतात, कपाटाच्या पलीकडच्या अंगाला, जिथे दिव्याचा उजेड पोहोचत नाही.